घोरपड कुल : वर्गीकरण व क्रमविकास

सरीसृप वर्गाच्या स्क्वॅमेटा (सरडे व साप) गणातील व्हॅरॅनिडी हे घोरपडींचे कुल. आज हयात असलेल्या त्याच्या ऐंशीहून अधिक जाती व्हॅरॅनस या एकाच प्रजातीत घातल्या जातात. आफ्रिका, आशियाचा उष्ण प्रदेश, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकमधील काही बेटे हा त्यांचा प्रसार. भारतात चार जाती आहेत : सामान्य घोरपड (व्हॅरॅनस बेंगालेन्सिस), पिवळी घोरपड (व्हॅ. फ्लॅव्हेसेन्स), पाणघोरपड (व्हॅ. साल्व्हेटर) व वाळवंटी घोरपड (व्हॅ. ग्रायसिअस). महाराष्ट्रात नुसते ‘घोरपड’ म्हटले की पहिली जात समजावी.

प्रजातीचे नाव ब्लासिउस मेरेम यांनी १८२० मध्ये दिले. त्याचे मूळ अरबी ‘वरल’ या शब्दात आहे. युरोपात या प्राण्याला ‘मॉनिटर’ म्हणजे सावध करणारा हे नाव कसे पडले याबद्दल एकमत नाही. मगर जवळ आल्याची सूचना तो देतो अशी एक समजूत होती. अरबी शब्दाच्या अपभ्रंशाची जर्मन ‘वार्नेन’ (इशारा देणे) या क्रियापदाशी गल्लत झाली, हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे.

वर्गीकरणातील खरी अडचण शरीराच्या एकसारखेपणाची. ऑस्ट्रेलियातील जेमतेम वीतभर लांबीची व्हॅ. ब्रेव्हिकॉडा आणि तीन मीटरपर्यंत वाढणारा कोमोडो ड्रॅगन (व्हॅ. कोमोडोएन्सिस, नामकरण १९१२) यांच्या वजनात हजारो पटींचा फरक असला, तरी लांब मान, दुभंगलेली जीभ व दणकट नखे हा साचा तोच. रोबेर्ट मेर्टेन्स यांनी १९४२ च्या प्रबंधात खवले, नाकपुड्या, कवटी यांच्या आधारे उपप्रजाती पाडल्या. त्यांतील बरीच नावे आजही चालतात. मात्र बाह्य लक्षणे वारंवार फसवी ठरल्याने पुढील अभ्यासक शरीराच्या आत वळले. १९७० च्या दशकात गुणसूत्रे तपासली गेली, त्यानंतर फुप्फुसांची रचना व नराची अर्धशिश्ने. सरडे व सापांच्या नरांत ही इंद्रिये जोडीने असतात आणि शेपटीच्या बुडाशी आत दुमडलेली राहतात. त्यांवरील घड्या व टोकाचा कूर्चामय आधार जातीनुसार बदलतो. व्होल्फगांग ब्यूमे यांनी १९८८ मध्ये या लक्षणांवरून सुचविलेले गट नंतरच्या डीएनए अभ्यासांत पुष्कळ अंशी टिकले.

(हेच इंद्रिय वाळवून, शेंदूर फासून ‘हत्थाजोडी’ या नावाने दुर्मिळ वनस्पतीची मुळी म्हणून विकले जाते. जोडलेल्या दोन मुठींसारख्या दिसणाऱ्या या ‘मुळी’चे खरे स्वरूप २०१७ च्या सुमारास प्रयोगशाळेतील तपासणीमुळे सर्वत्र माहीत झाले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असूनही घोरपडीची शिकार त्यासाठी होते.)

आप्त कुले : बोर्निओतील लॅन्थॅनोटस बोर्नीएन्सिस (१८७८) हा बाह्यकर्ण नसलेला, आखूड पायांचा सरडा सर्वांत जवळचा हयात नातलग होय. आरंभी त्याला अमेरिकेतील हेलोडर्मा या विषारी सरड्याजवळ ठेवले होते. मॅकडॉवेल व बोगर्ट यांनी १९५४ मध्ये त्याची घोरपडींशी सांगड घातली. चीन व व्हिएतनाममधील शिनिसॉरस हा सरडा त्यानंतरचा आप्त. हेलोडर्मा मात्र वादात आहे. अस्थींवरून तो घोरपडींचा सख्खा वाटतो, तर डीएनए त्याला अँग्विडी या सरड्यांच्या दुसऱ्या कुलाकडे नेतो. प्रस्तुत नोंदीत दुसरे मत ग्राह्य धरले आहे.

सापांशी नाते : दुभंगलेली जीभ आणि खालच्या जबड्यातील जादा सांधा यांमुळे घोरपडी, साप व नामशेष समुद्री मोसासॉर यांना एकत्र मांडण्याची परंपरा जुनी आहे. नेदर्लंड्समधील मास्ट्रिख्ट येथे सापडलेली मोसासॉरची प्रसिद्ध कवटी मगरीची नसून घोरपडीच्या आप्ताची आहे हे आड्रिआन काम्पर यांनी १८०० च्या सुमारास ओळखले. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ कोप यांनी १८६९ मध्ये मोसासॉरांचे सापांशी नाते जोडले. २००४ पासूनच्या जनुकीय मांडणीत साप हे घोरपडींचे वंशज ठरत नाहीत. साप, इग्वानागट (इग्वाना व त्यांचे आप्त सरडे) आणि अँग्विमॉर्फा (घोरपडी ज्यात येतात तो गट) अशा तीन शाखा एकत्र येतात व जिभेचे साम्य स्वतंत्रपणे उद्भवलेले मानावे लागते. ब्रायन फ्राय व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या तिन्ही शाखांना सामाईक विषग्रंथींचा वारसा असल्याचे प्रतिपादन केले. ग्रंथी आहेत याबद्दल दुमत नाही. त्यांच्या स्रावाला ‘विष’ म्हणावे काय, याबद्दल आहे. अमरकोशात गोधेच्या (घोरपडीच्या) संततीला गौधेर म्हटले आहे, आणि आयुर्वेदाच्या विषचिकित्सेतील गौधेरक कृष्णसर्प व गोधा यांच्यापासून जन्मलेला चतुष्पाद आहे. यात शास्त्रीय पूर्वज्ञान शोधू नये. साप व घोरपडीतील साम्य मात्र जुन्यांच्याही नजरेत भरले होते.

जीवाश्म व उगम : गोबीच्या वाळवंटातील उत्तर क्रिटेशस काळातील (डायनोसॉर युगाच्या अखेरच्या) एस्टेसिया व टेल्मॅसॉरस हे या वंशाच्या जवळचे मानतात. वायोमिंगमधील इओसीनकालीन सॅनिवा (सु. ४·९ कोटी वर्षांपूर्वी) अधिक जवळचा. त्याच्या कवटीत माथ्यावर दोन नेत्रछिद्रे, म्हणजे एकूण चार डोळे, असल्याचे २०१८ मध्ये दाखवून देण्यात आले. खुद्द व्हॅरॅनस प्रजाती ओळखण्याची खूण मणक्यात सापडते : मागच्या गोलाकार सांध्याच्या अलीकडे मणका कमरेसारखा आवळलेला असतो. केन्यातील रुसिंगा बेटावरील मायोसीनकालीन (सु. २·३ ते ०·५ कोटी वर्षांपूर्वी) व्हॅ. रुसिंगेन्सिस ही निश्चित ओळख पटलेल्या जुन्या जातींपैकी एक. उगम गोंडवन या दक्षिणेकडील प्राचीन महाखंडात झाला हे मत एके काळी प्रचलित होते. २०१२ मधील रेणवीय अभ्यासाने आशियाई उगम व तेथून आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाकडे प्रसार असा क्रम सुचविला. जीवाश्मांचा एकंदर कलही तिकडेच आहे. कोमोडो ड्रॅगनला मोठा आकार बेटावर राहिल्याने आला नसावा, कारण त्याचे प्लायोसीनकालीन (सु. ५३ ते २६ लाख वर्षांपूर्वी) अवशेष ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये मिळाले आहेत. ऑस्ट्रेलियातीलच प्लाइस्टोसीनकालीन (त्यानंतरच्या हिमयुगातील) व्हॅ. प्रिस्कस (ओवेन, १८५९) याची लांबी साडेतीन ते सात मीटर इतक्या व्यापक अंतराने वर्तविली जाते. सांगाडे अपुरे असल्याने वरचा आकडा सावधपणे घ्यावा.

भारतीय पुरावा तुटपुंजा आहे. शिवालिक टेकड्यांतील व्हॅ. सिवालेन्सिस ही फाल्कनर यांची जात (१८६८) बाहूच्या हाडाच्या खालच्या टोकावर आधारलेली आहे.