शून्यावर न थांबणारी चक्री

शिकागोत गॉटलीब, विल्यम्स आणि बॅली या कंपन्यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बनवलेली विद्युत-यांत्रिक पिनबॉल यंत्रे (काचेखाली चेंडू उडवून गुण मिळवायच्या खेळाची यंत्रे) बिघडली की ‘यंत्राची लहर फिरली’ असे म्हटले जाते. मला हे पटत नाही. ज्या यंत्रात एकही चिप नाही आणि प्रत्येक निर्णय डोळ्यांना दिसणारा स्विच घेतो, त्याच्या बिघाडाचे कारण बोट ठेवून दाखवता येते.

नेहमी आढळणारा एक बिघाड पाहू. खेळ सुरू करण्याचे बटण दाबले, आतली मोटर फिरू लागली, कॉइलींची, म्हणजे वीज मिळताच चुंबक बनणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांची, खटखट झाली. पण मोटर थांबत नाही आणि चेंडूही बाहेर येत नाही.

गुण दाखवणाऱ्या प्रत्येक चक्रीवर ० ते ९ हे आकडे असतात, आणि नवा खेळ सुरू होण्याआधी या सगळ्या चक्र्या शून्यावर याव्या लागतात. कॉइलला विजेचा झटका मिळाला की लोखंडी दांडा आत ओढला जातो. झटका संपला की, बऱ्याच रचनांमध्ये, स्प्रिंग दांड्याला परत आणते आणि त्याला जोडलेली खिट्टी दात्यात अडकून चक्रीला एक घर पुढे ढकलते. चक्री मागे फिरत नाही. त्यामुळे ७ वर असलेली चक्री शून्यावर आणायला तीन झटके लागतात, १ वर असलेलीला नऊ. मग किती झटके द्यायचे, हे यंत्र कसे मोजते? ते मोजतच नाही, आणि या रचनेतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे. चक्रीला जोडलेल्या स्विचची पाती १ ते ९ या घरांवर एकमेकांना टेकलेली असतात आणि शून्यावर विलग होतात. मोटरवरचे कॅम (स्विच दाबणारी उंचवट्यांची चाके) ठरावीक अंतराने जे झटके पाठवतात ते याच पात्यांमधून कॉइलकडे जातात, म्हणून शून्यावर पोहोचलेली चक्री आपला वीजमार्ग आपणच तोडते. एक जरी चक्री शून्याबाहेर असली तरी रीसेटचा, म्हणजे चक्र्या शून्यावर आणणारा, रिले (विजेने ओढला जाणारा स्विच) ओढलेला राहतो आणि मोटर फिरत राहते.

आता शोध सोपा होतो. एखादी चक्री शून्याबाहेर असून गप्प असेल, तर पाती मळलेली आहेत किंवा कॉइलची तार तुटली आहे. कॉइल खटखटते पण चक्री हलत नसेल, तर वीज पोहोचते आहे. दोष चिकट झालेल्या जुन्या ग्रीसचा, थकलेल्या स्प्रिंगचा किंवा झिजलेल्या खिट्टीचा आहे. चक्री शून्य ओलांडून फिरतच राहिली, तर पाती विलग होत नाहीत. अशा वेळी नवी कॉइल बसवण्याचा काहीही उपयोग नसतो.

‘सगळे बिघाड घालवणारे’ म्हणून विकले जाणारे तेलकट फवारे इथे मारू नयेत. तेलावर धूळ बसते, आणि स्विचच्या टोकांवर ठिणग्या उडत असल्याने ज्वालाग्राही फवारा पेटूही शकतो. यंत्राचा प्लग काढून घ्यावा, चांदीच्या संपर्कबिंदूंवरून बारीक कानस हलकेच फिरवावी, पाते किंचित वाकवून अंतर जुळवावे आणि चक्री हाताने एकेक घर पुढे नेत पाती फक्त शून्यावरच विलग होतात ना, हे पाहावे.