टुरिस्ट व्हिसावर माहितीपट?

‘कॅमेरा छोटा असला की परदेशात टुरिस्ट व्हिसावर माहितीपट करता येतो’, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सहलीचे व्हिडिओ कुणी अडवत नाही, म्हणून तो खरा वाटणं साहजिक आहे.

पण व्हिसा देताना कामाचा हेतू बघतात, कॅमेऱ्याचा आकार नाही. अमेरिकेत माहितीपर चित्रीकरणासाठी येणाऱ्या परदेशी माध्यमकर्मींना ‘आय’ व्हिसा लागतो. ड्रोनचं आणखी वेगळं: मोरोक्कोत तो विनापरवानगी नेला तर कस्टमवरच जप्त होतो.

पडताळायचं असेल तर त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर माध्यम-व्हिसाचं पान वाचा, कामाचं स्वरूप ईमेलने कळवा, लेखी उत्तर जपून ठेवा. आपण परत येतो. चौकशी मात्र तिथल्या मदतनीसाच्या दारी जाऊ शकते. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.