९४, ३३०, ९४०: वेग कुठे अडकला ते आकडाच सांगतो

घरी दोन-अडीच गिगाबिटचं फायबर आलं, संगणकाला लॅन केबल जोडली, वेग मोजला आणि आकडा ९४० मेगाबिटच्या पुढे हलेना (एक गिगाबिट म्हणजे १००० मेगाबिट). अशा वेळी पहिला फोन ऑपरेटरला जातो. तो करण्याआधी त्या आकड्याकडे नीट पाहा. तारेवरचा वेग सहसा ठरावीक आकड्यांवरच येऊन थांबतो आणि प्रत्येक आकड्यामागचं कारण वेगळं असतं.

९४० ही एक गिगाबिट इथरनेटची खरी कमाल आहे. माहितीचं १५०० बाइटचं पाकीट तारेवरून जातं तेव्हा त्याच्यासोबत ३८ बाइटचा लवाजमा असतो: पत्ते, तपासणीची बेरीज, दोन पाकिटांमधली सक्तीची मोकळी जागा. पाकिटाच्या आतही आयपी आणि टीसीपी या इंटरनेटच्या नियमांची शीर्षकं मिळून साधारण ५२ बाइट खातात. १५३८ पैकी १४४८ बाइट तुमच्या कामाचे, म्हणजे ९४ टक्के. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर ९४, १००० वर ९४१ आणि २५०० वर सुमारे २३५० मिळतात. अडीच गिगाबिटच्या पोर्टवर २३५० दिसत असतील तर काहीही बिघडलेलं नाही.

९४० दिसले तर साखळीतली एखादी कडी गिगाबिटची आहे, हे जवळजवळ नक्की. फायबर जिथे संपतं तो ओएनटी नावाचा डबा, राऊटरचा वॅन पोर्ट (ओएनटीची तार लागते तो), लॅन पोर्ट, मधला स्विच, संगणकाचं कार्ड, या प्रत्येक टप्प्याचा वेग वेगळा तपासा. विंडोजमध्ये सेटिंग्जच्या नेटवर्क विभागात इथरनेटखाली ‘लिंक स्पीड’ दिसतो. तिथे १०००/१००० आहे की २५००/२५००, ते आधी बघा. राऊटरच्या सेटिंगच्या पानावरही प्रत्येक पोर्टचा वेग लिहिलेला असतो. सगळ्यात जास्त फसगत राऊटरमध्ये होते. खोक्यावरचा मोठा आकडा वायफायच्या सगळ्या पट्ट्यांची बेरीज असते. अडीच गिगाबिटचा पोर्ट अनेकदा एकच असतो, तो ओएनटीला जोडण्यात जातो आणि उरलेले चार साधे गिगाबिटचे निघतात. अशा राऊटरवर दोन संगणक मिळून दीड-दोन गिगाबिट ओढतील, पण एकटा संगणक ९४० ओलांडणार नाही. इथे केबल बदलून उपयोग नाही.

दुसरा सापळा जुन्या १० गिगाबिट कार्डांचा. १० गिगाबिटचं तांब्याच्या तारेवरचं मानक २००६ चं, तर अडीच आणि पाच गिगाबिटचं २०१६ चं. आधी बनलेल्या बऱ्याच कार्डांना १० आणि १ एवढंच माहीत आहे. समोर अडीचचा पोर्ट आला की दोघांना समजणारा सर्वात मोठा वेग १ गिगाबिटच उरतो. महागडं कार्ड घालूनही ९४० येतात ते यामुळे.

आता ९४. हा आकडा दिसला की दोष बहुतेक वेळा तारेत किंवा तिच्या टोकांत असतो. १०० मेगाबिटला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या पुरतात, टोकाच्या आठ संपर्कांपैकी १-२ आणि ३-६ वरच्या. गिगाबिट आणि त्यापुढच्या वेगांना चारही जोड्या लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार पिनेत, म्हणजे टोकाच्या प्लगमध्ये, नीट बसली नाही, तर जोडणी बंद पडत नाही. अनेक उपकरणं मुकाट १०० वर उतरतात. दिवा लागलेला असतो, इंटरनेट चालू असतं, त्यामुळे संशयच येत नाही. दोन्ही टोकं कापून नव्या पिना मारा. क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका आणि केबलचं बाहेरचं आवरण पिनेच्या आत जाऊन दाबलं गेलंच पाहिजे. ताण आवरणावर यावा, तारांवर नको.

क्रमात हिरव्या जोडीच्या मध्ये निळी का घुसते, हे समजून घेण्यासारखं आहे. पिन लावताना रंगांच्या जोड्या ओळीने लावल्या, म्हणजे केशरीनंतर हिरव्या दोन, मग निळ्या दोन, आणि दोन्ही टोकांना तसंच केलं, तर आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर आठही दिवे लावून ‘ठीक’ म्हणतो. त्याला फक्त तार सलग आहे का एवढंच कळतं. पण आता संपर्क ३ आणि ६ वरचा संदेश दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारांवर पडलेला असतो. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा बाहेरचा गोंगाट सारखाच झेलतात आणि दुसऱ्या टोकाला दोघींमधला फरकच वाचला जातो, त्या वजाबाकीत तो नाहीसा होतो. पिळाचा सगळा उपयोग तोच. जोडी फुटली की वजाबाकी फसते. दोन मीटरच्या तारेवर हे खपून जातं, वीस-पंचवीस मीटरवर चुका सुरू होतात. टेस्टर पास म्हणतो आणि वेग पडतो, तेव्हा पिनेतले रंग डोळ्यांनी वाचा.

केबलची जात हा पुढचा मुद्दा, आणि इथे लोक नको तिथे खर्च करतात. अडीच गिगाबिट १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मावतं आणि कॅट ५ई तेवढ्यासाठीच बनलेली आहे. तिच्यावर अडीच गिगाबिट १०० मीटरपर्यंत धावतं. पाचसाठी कॅट ६ घ्या. दहा गिगाबिट कॅट ६ वर साधारण ५५ मीटर आणि कॅट ६ए वर १०० मीटर जातं. घरात चांगली जुनी ५ई भिंतीत असेल तर अडीचसाठी भिंत फोडू नका.

मात्र ती तार तांब्याची हवी. सीसीटीव्हीच्या कामात खपणाऱ्या स्वस्त खोक्यांत पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार असते. ब्लेडने खरवडा, आत चांदीसारखा रंग दिसला तर ती तार सोडा. तार न खरवडता तपासायचं तर मल्टिमीटर पुरे. ३०५ मीटरच्या पूर्ण गुंडाळीत एकाच तारेच्या दोन टोकांमधला रोध मोजा. २४ गेजच्या (गेज म्हणजे जाडी; आकडा लहान तशी तार जाड) शुद्ध तांब्याला २० अंशांवर तो सुमारे २६ ओहम भरतो, कॅट ६ च्या २३ गेजला साधारण २०. मुलाम्याच्या तारेला तोच आकडा ४० च्या आसपास जातो. मापताना तापमान ध्यानात घ्या. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे मे महिन्यात ४३ अंशांच्या दुकानात २६ चे २८ होतील. दुकानदाराला उगाच दोष देऊ नका. ४० दिसले तर मात्र खोकं परत करा.

उन्हाचा विषय मराठवाड्यात सोडून चालत नाही. जुन्या माळवदाच्या घरात दगडमातीच्या जाड भिंतीत छिद्र पाडणं अवघड, आणि स्लॅबच्या घरातही हॉलमधल्या ओएनटीपासून वरच्या खोलीपर्यंत तार बाहेरून, गच्चीवरून नेणंच सोपं पडतं. उन्हात तापलेल्या स्लॅबला चिकटलेली केबल सहज ६० अंशांना पोचते. केबलमधली संदेशाची घट २० ते ४० अंशांत दर अंशाला ०.४ टक्के आणि त्यापुढे ०.६ टक्के वाढते असं धरतात. ६० अंशांवर ती पाचव्या हिश्श्याने वाढलेली असते. तीस मीटरच्या चांगल्या तारेला हे झेपतं. ऐंशी मीटरच्या किंवा मुलाम्याच्या तारेला झेपत नाही, आणि मग सकाळी २३५० येणारा वेग दुपारी तीनला घसरतो. घरातली पांढरी-राखाडी पीव्हीसी केबल उन्हात काही वर्षांत तडकते. बाहेर काळ्या पॉलिथिन आवरणाची वापरा, पाइपातून न्या आणि शक्य असेल तर स्लॅबपासून उचलून धरा.

बोअरची मोटार किंवा कूलर सुरू झाला की वेग पडत असेल, तर लॅन केबल विजेच्या तारेच्या जोडीने गेलेली असण्याची शक्यता मोठी. फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. एकाच पाइपातून वीज आणि लॅन कधीही नेऊ नका; तिथे प्रश्न वेगाचा राहत नाही, जिवाचा होतो. वळवाच्या पावसात जवळपास वीज कडाडल्यानंतर एखादा पोर्ट अचानक १०० वरच अडकला, तर चारपैकी एखादी जोडी जळालेली असू शकते. तीच केबल शेजारच्या पोर्टमध्ये लावून बघा. काचेच्या फायबरमधून विजेचा झटका येत नाही; गच्चीवरच्या तांब्याच्या तारेतून येतो.

२८० ते ३४० च्या मध्ये आकडा ठाम बसला असेल तर लॅपटॉपची यूएसबी बघा. अडीच गिगाबिटचा अ‍ॅडॅप्टर यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लागला की ४८० मेगाबिटच्या मार्गातून प्रत्यक्षात एवढंच मिळतं. यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये लावा, मधला हब काढा.

आकडा कुठेच स्थिर नसेल, कधी ४००, कधी ७००, तर घर आणि बाहेर वेगळं काढावं लागतं. दोन संगणकांवर आयपर्फ ३ हा मोफत प्रोग्राम टाका, एकाला सर्व्हर करा, दुसऱ्यावरून चार समांतर प्रवाह दोन्ही दिशांनी पाठवा. दोन्ही संगणक अडीचच्या पोर्टवर असून इथे २३५० येत असतील तर तारा, कार्डं आणि स्विच सुटले. मग राऊटर. आधुनिक राऊटर घरातल्या आणि बाहेरच्या पत्त्यांची अदलाबदल वेगळ्या चिपकडून करून घेतो, म्हणून त्याचा वेग टिकतो. पालक-नियंत्रण, रहदारीची आकडेवारी किंवा प्राधान्यक्रम सुरू केला की अनेक राऊटरांत प्रत्येक पाकीट मुख्य प्रोसेसरकडे वळतं आणि तो दमतो. हे पर्याय एकेक करून बंद करा, दर वेळी मोजा.

डाउनलोड पूर्ण आणि अपलोड मात्र अर्धाच, असंही होतं. संगणक अडीचने ओततो, पुढे एकची कडी असते, स्विचची छोटी साठवण भरून पाकिटं सांडतात आणि टीसीपी दर वेळी वेग कमी करतं. संगणकाच्या कार्डाच्या प्रगत पर्यायांत आणि स्विचवर ‘फ्लो कंट्रोल’ (साठवण भरली की ओतणाऱ्याला थांबवणारी सोय) सुरू करून बघा. जोडणी मधूनच तुटत असेल तर तिथेच ऊर्जाबचतीचा ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ हा पर्याय बंद करा.

मोजमापही फसवतं. ब्राउझर एक गिगाबिटच्या पुढे धापा टाकतो, म्हणून स्पीड टेस्टचं स्वतंत्र अ‍ॅप वापरा आणि मुंबईचा सर्व्हर निवडा. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. लातूरहून ५०० किलोमीटरवरच्या मुंबईला जाऊन यायला किमान ५ मिलिसेकंद. सिंगापूरला ६० च्या आसपास लागतात आणि तेवढ्या वेळात अडीच गिगाबिटच्या वाटेवर जवळपास १९ मेगाबाइट पोचपावतीविना तरंगत ठेवावे लागतात, जे एकट्या प्रवाहाला क्वचित जमतं. फाइल उतरवून वेग मोजत असाल तर डिस्कही बघा. अडीच गिगाबिट म्हणजे सेकंदाला सुमारे ३०० मेगाबाइट. फिरती हार्ड डिस्क बऱ्याचदा १५० ते २०० लाच थांबते.

एवढं सगळं स्वच्छ निघालं तर ऑपरेटरला फोन करा, पण हातात आकडे घेऊन. ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. जीपॉनच्या, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या जोडणीत ती उणे ८ आणि उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) मध्ये असावी लागते. उणे २६ म्हणजे काठावर. फायबरचा हिरव्या टोकाचा कनेक्टर ८ अंशांत तिरका घासलेला असतो. निळ्या टोकाशी तो जोडला तर मध्ये फट राहून प्रकाश गळतो, तेही बघून घ्या. आणि वेग फक्त रात्री आठ ते अकरा पडत असेल, तर त्या वेळचे आणि पहाटेचे आकडे दोन-तीन दिवस लिहून ठेवा. जीपॉनची एक काच २.४८८ गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटते. दोन-अडीच गिगाबिटची योजना त्यावर दिली असेल तर ऑपरेटरला थेट विचारा: आमची लाइन जीपॉन आहे की १० गिगाबिटची एक्सजीएस-पॉन?