पैशे बँकेत आसत, मगे तोटो खंयसून इलो?

कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या हौशी नाट्यसंस्थेच्या वार्षिक सभेला बसा. कोषाध्यक्ष चष्मा चढवून जमा-खर्च वाचतात, "आरंभीची शिल्लक ६०,०००, अखेरची शिल्लक २,९५,०००." टाळ्या पडतात. मग कोणीतरी ऑडिट होऊन आलेला दुसरा कागद उलटतो. त्याच्या तळाशी लिहिलेलं असतं : तूट १,२३,०००. मागच्या रांगेतून हमखास आवाज येतो, "काकानू, पैशे बँकेत आसत, मगे तोटो खंयसून इलो?"

हिशेब तपासनीस म्हणून मी अशा बऱ्याच सभांना बसलोय. पैसे बँकेत असताना तोटा आला कुठून, हा प्रश्न रास्त आहे. दोन्ही कागद खरे असतात, एकाच किर्दीतून, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वहीतून, निघालेले असतात, नावंही सख्ख्या भावांसारखी : जमा-खर्च पत्रक आणि उत्पन्न-खर्च पत्रक. पहिलं पेटीत किती आलं आणि पेटीतून किती गेलं ते सांगतं. दुसरं सांगतं की या वर्षात संस्थेनं कमावलं किती आणि या वर्षापायी तिला खरोखर लागलं किती. पाठ्यपुस्तकात पहिल्याला प्राप्ती-शोधन खातं म्हणतात, पण सभेत तो शब्द कोणी वापरत नाही.

वरचे आकडे मी रचलेले आहेत, पण बाबी नेहमीच्याच. समजा वर्षभरात वर्गणी ४०,००० आली, तिकीटविक्री १,८०,०००, स्मरणिकेच्या जाहिराती ९०,०००. एका मुंबईकर गावकऱ्यानं संस्थेच्या इमारतीच्या छपरासाठी म्हणून ३,००,००० दिले. आजीव सभासदांचे ५०,००० आले. प्रयोगाच्या तोंडावर पैसे कमी पडले तेव्हा अध्यक्षांनी ७५,००० हातउसने दिले. एकूण जमा ७,३५,०००. खर्च असा : प्रयोगांवर, म्हणजे नाईट (कलाकारांचं दर प्रयोगाचं मानधन), टेम्पो, नाट्यगृहाचं भाडं आणि जेवणावळी, ३,१०,०००, तालमीच्या जागेचं भाडं ४८,०००, नवीन डिमर (रंगमंचावरचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) आणि लाइट १,२०,०००, किरकोळ २२,०००. बेरीज ५,००,०००. आरंभीचे ६०,००० धरले तर शिल्लक २,९५,०००. गणितात एका पैशाची चूक नाही.

आता दुसरा कागद. वर्गणीतले १०,००० पुढच्या वर्षाचे आगाऊ आलेत, म्हणून यंदाचे ३०,०००. जाहिरातींचे २०,००० अजून यायचेत, पण स्मरणिका यंदा निघाली, म्हणून जाहिराती १,१०,०००. तिकिटं १,८०,०००. उत्पन्न ३,२०,०००, बस. छपराची देणगी त्यात नाही, ती इमारत निधीत जाते. आजीव शुल्कही निधीत जातं, कारण त्या बदल्यात संस्था त्या माणसाला जन्मभर पहिल्या रांगेत बसवणार आहे. आणि अध्यक्षांचे ७५,००० हे उत्पन्न नव्हेच, देणं आहे.

खर्चाच्या बाजूला प्रयोगांचे ३,१०,००० आणि साउंडवाल्याचे व प्रेसचे अजून न दिलेले ४५,०००. भाडं ४८,०००, किरकोळ २२,०००. डिमर-लाइटची किंमत एका वर्षात संपत नाही, म्हणून यंदाच्या वाट्याची झीज तेवढी धरायची, १५ टक्के घसारा, १८,०००. एकूण ४,४३,०००. तूट १,२३,०००.

खरा धक्का पुढे आहे. छपरासाठी ३,००,००० आले होते आणि छपराचं एक कौलही बदललेलं नाही. बँकेत आहेत २,९५,०००. म्हणजे ज्या शिल्लकेवर टाळ्या वाजल्या तिच्यातला एक रुपयाही संस्थेच्या मर्जीचा नाही, उलट छपराचे ५,००० कुठल्यातरी जेवणावळीत गेलेत. आजीव निधीतलं तर काहीच उरलं नाही. साउंडवाला आणि अध्यक्ष अजून दारात उभेच आहेत.

आपल्याकडे ही गल्लत होण्याला एक कारण दशावतारात आहे, असं मला वाटतं. दशावतारी मंडळाला मालक असतो. कार्तिकातल्या जत्रांपासून वैशाखापर्यंत सुपाऱ्या होतात, आलेल्यातून कलाकारांचं आणि गाडीचं भागवायचं, उरलं ते मालकाचं, कमी पडलं तर तेही मालकाचं. तिथे पेटीचा हिशेब बऱ्यापैकी पुरतो, कारण देणं-घेणं शेवटी एकाच खिशात जाऊन मिळतं. धर्मादाय नोंदणी झालेल्या नाट्यसंस्थेला मालक नसतो. छपराचे पैसे कलाकारांच्या नाईटमध्ये गेले तर कोणाच्या खिशातून भरून काढणार? म्हणूनच कायदा पेटीच्या हिशेबावर थांबत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालच्या नियमांत ताळेबंद (संस्थेकडे काय आहे आणि तिचं देणं काय, ते मांडणारा कागद) परिशिष्ट आठच्या नमुन्यात आणि उत्पन्न-खर्च परिशिष्ट नऊच्या नमुन्यात मागितलेला आहे. आपण सभेत ज्याचं कौतुकानं वाचन करतो, तो जमा-खर्च त्या दोन नमुन्यांत नाही.

तरीही जमा-खर्च रद्दीत टाकू नका. लबाडी पकडायला तोच जास्त कामाचा. उत्पन्न-खर्चात अंदाज शिरू शकतो : येणं किती धरायचं, घसारा किती. जमा-खर्च थेट बँकेच्या पासबुकाशी लावून बघता येतो. शिवाय अध्यक्षांचे हातउसने पैसे उत्पन्न-खर्चात कधीच दिसणार नाहीत, ते जमा-खर्चात दिसतात, नाहीतर ताळेबंदाच्या देण्यांत. आणि ती ओळ दिसली की प्रश्न पैशांचा उरत नाही, कारभाराचा होतो. विश्वस्तांनी संस्थेसाठी कर्ज काढायचं तर कलम ३६अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अध्यक्ष चांगल्या मनानंच देतात हो, प्रयोग अडू नये म्हणून, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी ही माणसं. पण ठराव नाही, परवानगी नाही, आणि चार वर्षांनी कार्यकारिणी बदलली की त्याच ७५,००० वरून गावात दोन तट पडतात.

जाहिरातींचं येणं ही उत्पन्न-खर्चातली सगळ्यात निसरडी जागा. बाजारपेठेतला दुकानदार "छापा अर्धं पान, बघू" म्हणतो. आपण छापतो, येणं म्हणून लिहितो, उत्पन्न फुगतं. शिमगा गेला, पाऊस लागला, तो काही देत नाही. दुसऱ्या वर्षीही ती रक्कम येण्यात दिसली तर ती गेली असं समजावं. हिशेब तपासनिसाला वर्षाहून जास्त थकलेल्या आणि सोडून दिलेल्या रकमा अहवालात वेगळ्या सांगाव्याच लागतात.

त्या अहवालाबद्दल जरा सांगायला हवं. त्याच कायद्याच्या नियम १९ खालच्या त्या प्रश्नोत्तरी कागदाकडे सभेत कोणी ढुंकूनही बघत नाही, आणि संस्था कशी चालते हे कळण्यासाठी त्याहून चांगला कागद नाही. हातातली रोकड आणि व्हाउचर वहीशी जुळतात का? विश्वस्तांपैकी कोणी संस्थेचा ऋणको (देणेकरी) किंवा धनको (घेणेकरी) आहे का? ५,००० रुपयांवरच्या दुरुस्तीला निविदा मागवल्या का? सभा घटनेप्रमाणे होतात का, इतिवृत्ताची वही आहे का? हो-नाही अशी त्रोटक उत्तरं असतात. आमच्या उदाहरणात ऋणको-धनको प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आणि जमा-खर्चात ७५,००० हातउसने, असं एकाच फायलीत दिसलं तर ऑडिट बसल्या जागी झालंय.

हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपलं की सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर ऑडिट अहवाल व्हायला हवा. कार्यकारिणी बदलली तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. पुष्कळ संस्थांत परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, वारलेल्या विश्वस्तांची नावं तशीच असतात आणि चेकवर सह्या भलत्यांच्याच. आकडे कितीही नेटके असोत, अशा संस्थेला मी मोठी देणगी देणार नाही.

आयकराचं गणित आणखी तिसरंच. सवलत हवी असेल तर उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर लावावी लागते, आणि तिथे डिमरचे १,२०,००० घसाऱ्यानं नव्हे तर सगळेच एकदम खर्च धरता येतात. त्यामुळे तुटीतली संस्था आयकरात ठणठणीत दिसू शकते. ते सीएवर सोडा.

दोन्ही पत्रकांत न येणारी एक गोष्ट मात्र सभासदांनीच जाणायची. कोणाचा टेम्पो फुकट येतो, कोणाची बायको कपडेपट शिवते, कोणाच्या ओटीवर पावसाळाभर तालमी होतात. हे कुठल्याच रकान्यात नसतं. टेम्पोवाला पुढच्या वर्षी पुण्याला पोराकडे राहायला गेला की प्रयोगाचा खर्च अचानक वाढतो आणि नवा कोषाध्यक्ष बिचारा शिव्या खातो.

मागच्या रांगेतल्या त्या माणसाला मी सहसा उलट विचारतो, "छपराचे पैशे वेगळ्या खात्यात आसत काय, तां आधी विचार." पुढच्या रांगेत तेव्हा बहुधा कोणीतरी चहा सांगायला उठतं.