मानसशास्त्रीय थरारपट

गुन्हा कोणी केला यापेक्षा तो करणाऱ्याच्या, त्याचा माग काढणाऱ्याच्या किंवा त्यात सापडलेल्याच्या मनात काय चालले आहे, यावर उभा राहणारा चित्रपटप्रकार. रहस्यपटाशी त्याची नेहमी गल्लत होते. रहस्यपटात गुन्हेगार शेवटी कळतो. येथे तो पुष्कळदा सुरुवातीलाच ठाऊक असतो, तरी प्रेक्षक जागचा हलत नाही.

या पकडीचे मर्म कोणाला काय आणि केव्हा कळते यात आहे. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या मुलाखतीत ते टेबलाखालच्या बॉम्बच्या दाखल्याने सांगितले. बॉम्ब अचानक फुटला तर 15 सेकंदांचा धक्का. तो प्रेक्षकाला आधी दाखवला आणि टेबलाशी बसलेले लोक गप्पा मारत राहिले, तर तोच प्रसंग 15 मिनिटे जीव टांगणीला लावतो.

ताणाहूनही प्रभावी ठरते ती प्रेक्षकाला गुन्ह्यात ओढण्याची हातोटी. हिचकॉक यांच्याच ‘सायको’मध्ये (1960) स्नानगृहात खून झालेल्या तरुणीचा मृतदेह ठेवलेली मोटार दलदलीत बुडता बुडता मध्येच थांबते. ती ढकलणारा तरुण घाबरतो आणि आपलाही श्वास अडकतो. जिच्या मृत्यूने नुकतेच हादरलो, तिचा पुरावा नाहीसा व्हावा असे आपल्यालाच वाटू लागते! स्नानगृहातल्या गाजलेल्या खुनापेक्षा हे काही क्षण अधिक अस्वस्थ करणारे आहेत.

हिंसा न दाखवताही भीती वाढते. फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’मध्ये (1931) मुलीचा खून पडद्यावर होतच नाही, घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा एवढेच दिसते. पुढे खुन्याला ओळखतो तो आंधळा फुगेवाला, त्याच्या शिटीच्या सुरावरून.

निवेदकावरच विश्वास ठेवता येऊ नये, ही क्लृप्ती मूकपटांच्या काळापासूनची. ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’त (1920) गोष्ट सांगणारा स्वतःच मनोरुग्णालयात असल्याचे शेवटी उघड होते. मात्र अशा कलाटणीच्या खुणा आधी पेरलेल्या नसतील, तर ती निव्वळ फसवणूक वाटते. ‘तो वेडा होता’ एवढेच स्पष्टीकरण देणारे चित्रपट याच आळसाचे बळी. शिवाय मनोरुग्ण म्हणजे हिंसक, हा गैरसमज त्यांनी पोसला तो वेगळाच.

कॅमेऱ्याची जागाही मन उघड करते. जोनाथन डेमी यांच्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मध्ये (1991) तरुण तपासनीस स्त्रीशी बोलणारी पात्रे अनेकदा थेट भिंगात पाहतात, तिची नजर मात्र किंचित बाजूला असते. त्यामुळे तिच्यावर रोखलेल्या पुरुषी नजरा प्रेक्षकाला स्वतःच्या अंगावर झेलाव्या लागतात.