काळ्या कणाचा माग

हिवतापाचं निदान करायला रक्ताची स्लाइड वाचायला शिकणाऱ्याची सुरुवातीला एकाच जागी फसगत होते. लाल पेशीवर निळसर-जांभळा ठिपका दिसला की तो खुशीत 'पॉझिटिव्ह' म्हणतो. शेजारचा अनुभवी तंत्रज्ञ स्लाइड जरा सरकवून बघतो आणि सांगतो, ही प्लेटलेट आहे, रक्त गोठवणारी बारीक पेशी, लाल पेशीवर येऊन बसलीय. दुसऱ्यांदा तो रंगाचा गाळ निघतो. मग शिकवण मिळते: निळं जीवद्रव्य, लालसर केंद्रक आणि परजीवी जरा वाढलेला असेल तर त्याच्या पोटात तपकिरी-काळा कण, अशा खुणा जुळवून बघ. परजीवी अगदी कोवळा असताना अंगठीसारखा दिसतो, त्या कोवळ्या अंगठीत हा कण दिसत नाही. पण एकदा तो दिसला की हिवतापाबद्दल फारशी शंका उरत नाही.

या काळ्या कणाची गोष्ट परजीवीच्या शोधापेक्षाही जुनी आहे. माझ्या मते हिवतापाच्या निदानाचा सगळा इतिहास त्याच्याच मागावर उभा आहे.

1847 साली हायन्रिश मेकेल या जर्मन डॉक्टरला एका मनोरुग्णाच्या शवविच्छेदनात रक्तात आणि प्लीहेत काळे कण दिसले. पुढे इतरांनाही हिवतापाने गेलेल्यांच्या अवयवांत ते दिसत गेले. प्लीहा आणि मेंदू काळपट पडलेले असत. पण ते कण कुठून आले, हे कुणाला सांगता येईना. आज आपल्याला ठाऊक आहे की परजीवी लाल पेशीतलं हिमोग्लोबिन खातो, त्यातला लोहयुक्त भाग त्याला विषारी असतो, म्हणून तो त्याचे स्फटिक करून ठेवतो. क्लोरोक्विन नेमकी ही स्फटिक बनवण्याची वाट अडवतं. म्हणजे निदान करणारा ज्या कणाकडे बघतो, त्याच कणाच्या जन्मावर औषध घाव घालतं.

त्या काळी 'मलेरिया' या शब्दाचा अर्थच 'वाईट हवा' असा होता. दलदलीतून उठणाऱ्या कुंद हवेने ताप येतो, असं युरोपात मानत. आपल्याकडे आयुर्वेदाने विषमज्वराचे (म्हणजे उलटून येणाऱ्या तापाचे, आजचा टायफॉइड नव्हे) प्रकार ताप परत येण्याच्या दिवसावरून केले होते. एक दिवसाआड उलटणारा तो तृतीयक, दोन दिवस सोडून येणारा तो चतुर्थक. रोग्याच्या अंथरुणाशी बसून केलेलं हे वर्गीकरण पुढे काचेवरही, म्हणजे स्लाइडवरही, खरं ठरलं. त्याकडे नंतर येतो.

1870 नंतर जंतूंचा जमाना आला. जो तो रोगाचा जीवाणू शोधत होता. 1879 साली क्लेब्स आणि तोमासी-क्रुदेली यांनी रोमजवळच्या दलदलीतल्या मातीत आणि पाण्यात हिवतापाचा जीवाणू सापडल्याचं जाहीर केलं, त्याला नावही देऊन टाकलं. मोठ्या नावांनी सांगितलं म्हणून पुष्कळांनी मानलं. साहजिकच सगळे जीवाणूच शोधत राहिले.

अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइन शहरातल्या लष्करी दवाखान्यात अल्फोन्स लाव्हेरां हा फ्रेंच डॉक्टर मात्र काळ्या कणांच्या मागे होता. शवविच्छेदनात दिसणारे कण जिवंत रोग्याच्या रक्तात कुठून येतात, एवढंच त्याला शोधायचं होतं. त्याची पद्धत अगदी साधी: बोट टोचायचं, ताजं रक्त काचेवर घ्यायचं, वर पातळ काच ठेवायची आणि बघत बसायचं. रंग नाही, काही नाही. 6 नोव्हेंबर 1880 रोजी एका तरुण सैनिकाच्या रक्तात त्याला काळ्या कणांनी भरलेला एक गोल दिसला आणि त्या गोलाच्या कडेने बारीक तंतू चाबकासारखे वळवळू लागले. आजूबाजूच्या लाल पेशी त्या फटकाऱ्यांनी हलत होत्या. ही वस्तू जिवंत आहे आणि ती जीवाणू नाही, हे त्याला जागच्या जागी कळलं.

इथे थांबून विचार करण्यासारखी गोष्ट आहे. लाव्हेरांने रक्त वाळवून रंगवलं असतं तर त्याला हे दृश्य दिसलंच नसतं. ते तंतू म्हणजे परजीवीच्या नर पेशी होत्या. एरवी त्या डासाच्या पोटात सुटतात. रक्त शरीराबाहेर आलं, गार झालं, काही मिनिटं तसंच राहिलं, म्हणून त्या काचेवरच सुटल्या. हे तंतू नेमके काय आहेत, ते 1897 मध्ये मॅककॅलम या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने पक्ष्यांच्या रक्तातल्या अशाच एका परजीवीत दाखवलं. एक तंतू दुसऱ्या गोलात शिरताना त्याने डोळ्यांनी पाहिला.

लाव्हेरांवर लगेच कुणी विश्वास ठेवला नाही. 1882 साली तो रोमला गेला आणि तिथल्या मार्क्याफावा आणि चेल्ली यांना आपल्या आकृत्या दाखवल्या. त्यांना त्या बिघडलेल्या लाल पेशीच वाटल्या. मग याच दोघांनी ऑइल इमर्शनची नवी भिंगं वापरली, रक्त मिथिलीन ब्लूने रंगवलं आणि पेशीच्या आत अमिबासारखं हलणारं बारीक शरीर आणि कोवळी अंगठी पाहिली. 1885 साली त्यांनी त्याला 'प्लाझ्मोडियम' नाव दिलं. शास्त्राच्या दृष्टीने ते नाव चपखल नव्हतं, पण टिकलं ते तेच. भिंग आणि काचेमध्ये तेलाचा थेंब टाकायची सोय झाली नसती तर ही अंगठी आणखी किती वर्षं नजरेतून सुटली असती कोण जाणे.

वर्गीकरणाचा पाया घातला तो इटलीतल्या पाव्हिया इथल्या कामिल्लो गोल्जीने. मेंदूच्या पेशींवरच्या कामासाठी तो जगाला माहीत आहे, पण 1885-86 मध्ये त्याने हिवतापाच्या रोग्यांचं रक्त तासातासाला तपासलं. दर 72 तासांनी ताप येणाऱ्यांत परजीवी वाढून फुलाच्या पाकळ्यांसारखा सहा ते बारा तुकड्यांत फुटतो आणि पेशी फुटण्याच्या वेळीच थंडी वाजू लागते, हे त्याला दिसलं. 48 तासांच्या तापात तुकडे अधिक असतात, बहुधा पंधरा-वीस. तृतीयक आणि चतुर्थक हा जुना भेद असा दोन वेगळ्या जिवांचा भेद ठरला. ताप बघून केलेली विभागणी आणि काच बघून केलेली विभागणी एकमेकींवर तंतोतंत बसावी, असं वैद्यकात फार क्वचित घडतं.

तिसरा, सर्वांत घातक प्रकार मात्र त्रास देत राहिला. त्याचा ताप ठरावीक वेळी येत नसे आणि बोटाच्या रक्तात फक्त नाजूक अंगठ्या आणि कोयत्याच्या पात्यासारखी चंद्रकोर दिसे. मधल्या अवस्था गेल्या कुठे? वाढलेले परजीवी मेंदूच्या आणि इतर अवयवांच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात, हे इटालियन डॉक्टरांना शवविच्छेदनातून कळलं. म्हणून बोटाच्या थेंबात परजीवी थोडे दिसले तरी रोगी धोक्याबाहेर आहे असं समजत नाहीत. हे आजही प्रत्येक नव्या तंत्रज्ञाला बजावून सांगावं लागतं.

नावांचा घोळ मोठा होता. ग्रासी आणि फेलेत्ती यांनी 1890 मध्ये 'व्हायव्हॅक्स' आणि 'मलेरिई' ही नावं दिली. 'फाल्सिपेरम', म्हणजे कोयता धारण करणारा, हे नाव 1897 चं, वेल्च यांचं. फाल्सिपेरमच्या नावाचा वाद तर पार 1954 मध्ये मिटला. 'ओव्हेल' हा चौथा प्रकार 1922 साली स्टीफन्स यांनी वेगळा काढला, कारण त्याने ग्रासलेल्या काही पेशी लांबट होतात आणि त्यांची कड फाटल्यासारखी दिसते.

या सगळ्यात मुंबईचं नाव येतं, आणि ते पुरेसं घेतलं जात नाही याची मला खंत आहे. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे.जे. रुग्णालयात काम करणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे कसलेले चित्रकार होते. ग्रेच्या प्रसिद्ध शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातल्या आकृत्या त्यांनीच काढल्या. 1877 मध्ये दख्खनच्या दुष्काळाने उपाशी माणसं मुंबईत आली आणि उलटणाऱ्या तापाची (हा हिवतापाहून वेगळा रोग) साथ पसरली, तेव्हा कार्टर यांनी रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे जंतू पाहिले. दहा वर्षांनी त्यांनीच मुंबईतल्या हिवतापाच्या रोग्यांत लाव्हेरांचे परजीवी पाहून त्यांचं वर्णन लिहिलं. भारतात लाव्हेरांना दुजोरा देणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत ते होते.

तरीही त्यानंतर काही वर्षं रोनाल्ड रॉस हे ब्रिटिश डॉक्टर भारतातच रक्त तपासून परजीवी दिसत नाही म्हणत होते. 1894 साली लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी भिंगाखाली दाखवला, तेव्हा त्यांची खात्री पटली. वस्तू समोर असूनही ती कशी दिसते हे कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मग 20 ऑगस्ट 1897, सिकंदराबाद. हिवताप डासांतून पसरतो का, हे रॉस शोधत होते. हुसेन खान या रोग्याला चावलेले मोजके डास रॉस यांच्याकडे होते. दर डासामागे त्याला एक आणा दिलेला. घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजलेले, पंखा लावला तर डास उडून जातील म्हणून तोही बंद. एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना गोल पेशी दिसल्या. डासाच्या शरीरात अशी पेशी असू शकेल, असं म्हणून ते पुढे गेले असते. पण तिच्या आत काळे कण होते, हुबेहूब माणसाच्या रक्तातल्या परजीवीत असतात तसे. मेकेलला पन्नास वर्षांपूर्वी दिसलेल्या त्या कणाने डास आणि माणूस यांची गाठ घालून दिली.

आज आपण जे रंगीत दृश्य बघतो ते रशियाच्या रोमानोव्हस्कीमुळे. मिथिलीन ब्लूचं द्रावण जुनं होऊ दिलं आणि इओसीन या लाल रंगात मिसळलं, तर परजीवीचं जीवद्रव्य निळं आणि केंद्रक जांभळट-लाल होतं, हे त्याने 1891 मध्ये मांडलं. लीशमन आणि गिम्सा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही कृती भरवशाची केली. याच रंगामुळे काळ्या आजाराचे (काला-आजार या दुसऱ्या रोगाचे) परजीवीही ओळखू आले: कोलकात्याजवळच्या डमडमहून परतलेल्या सैनिकाच्या प्लीहेत लीशमनला आणि मद्रासमध्ये डोनोव्हनला. दोघांचंही 1903 मध्ये प्रसिद्ध झालं. शूफनरने 1899 मध्ये व्हायव्हॅक्सच्या फुगलेल्या पेशीवर पसरलेले गुलाबी ठिपके दाखवले. स्लाइडवर ते दिसले की प्रकार ठरवण्याचं अर्धं काम तिथेच होतं.

तपासणीची काच तयार करण्याचं कसब शब्दांत सांगणं अवघड आहे, पण प्रयत्न करतो. एकाच काचेवर दोन नमुने घेतात. जाड थर म्हणजे थेंब गोल फिरवून पसरलेला. ओला असताना त्याखाली वर्तमानपत्र ठेवलं तर अक्षर वाचता आलं पाहिजे. पातळ थर दुसऱ्या काचेच्या कडेने एका झटक्यात ओढायचा, शेवट जिभेच्या टोकासारखा यायला हवा. पातळ थर मिथेनॉलने पक्का करतात. जाड थराला मिथेनॉल लागू द्यायचं नाही. रंगातल्या पाण्याने त्याच्या लाल पेशी फुटून जातात आणि परजीवी उघडे पडतात. जाड थरात आहे की नाही ते कळतं, पातळ थरात कोणता ते कळतं. निगेटिव्ह लिहिण्याआधी जाड थराची किमान शंभर फील्ड (भिंगातून एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक फील्ड) बघायची असतात, आणि त्याला वेळ लागतोच.

भारतात हे काम घरोघर पोचवायचं तर गिम्साहून झटपट रंग हवा होता. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी 1944 मध्ये तो बनवला. त्यांच्या आद्याक्षरांवरून 'जेएसबी' म्हणून तो प्रयोगशाळांत रुळला. 1947 च्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असावा आणि आठ लाख मरत असावेत, असा अंदाज होता. 1953 मध्ये नियंत्रणाचा, 1958 मध्ये निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. पंधरवड्याला आरोग्य कर्मचारी दारात येई, ताप असलेल्याचं बोट टोचून काच घेई आणि भिंतीवरच्या चौकटीत तारीख लिही. 1965 पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. 1976 मध्ये ते पुन्हा 64 लाखांवर गेले. डीडीटीला न जुमानणारे डास ही एक बाजू. काचा तपासून यायला आठवडे लागत होते, ही दुसरी. वेळेवर न वाचलेली काच रोग्याच्या काही कामाची नसते.

आता रॅपिड टेस्टच्या पट्ट्या गावात पोचल्या आहेत. गडचिरोलीच्या जंगलपट्टीत आशाताई झाडाखाली बसून पंधरा-वीस मिनिटांत निकाल सांगते, हे मोठंच काम आहे. पण पट्टी परजीवी मोजत नाही, चंद्रकोर दाखवत नाही, आणि फाल्सिपेरमची काही पट्ट्यांवरची रेघ बरं झाल्यावरही काही आठवडे उमटत राहते. म्हणून काच बाजूला पडलेली नाही.

मात्र डोळ्याचीही मर्यादा आहे, आणि ती सारावाकमध्ये उघडी पडली. कोलकात्याच्या ट्रॉपिकल स्कूलमध्ये नोल्स आणि दासगुप्ता यांनी 1932 मध्ये माकडांतला एक परजीवी माणसाला होऊ शकतो हे दाखवलं होतं. पुढे त्याचं नाव 'नोलेसी' पडलं आणि तो माकडांचाच समजला गेला. मलेशियाच्या सारावाक राज्यात कापित भागात काचांवर 'मलेरिई' फार दिसू लागला, पण रोगी मलेरिईच्या मानाने बरेच जास्त आजारी होते. बलबीर सिंग आणि सहकाऱ्यांनी 208 रोग्यांचं रक्त डीएनए चाचणीने तपासलं आणि 2004 मध्ये निकाल जाहीर केला: त्यातल्या 120 जणांना नोलेसी होता. पेशीत आडवा पसरलेला पट्टा, गडद काळे कण, सगळं मलेरिईसारखं. फरक एवढाच की मलेरिई 72 तासांनी फुटतो आणि नोलेसी 24 तासांनी, आणि काचेवर तास दिसत नाहीत. आता तिथे अशी काच आली की तंत्रज्ञ एक नाव लिहीत नाही, 'मलेरिई किंवा नोलेसी' लिहितो आणि नमुना पुढे पाठवतो.