जाड वायर तुटत नाही? तुटते, तीही आतून

"वायर जाड घ्या, तुटायचं नाव नाही," असं यवतमाळ-वाशीमकडे सर्रास सांगतात. शेततळ्यातल्या तरंगत्या पंपासाठी हे साफ चूक आहे. वायर एकाच जागी सारखी वाकत राहिली की तांबं थकतं. सोलून बघा: वरचं कव्हर शाबूत, आतल्या तारा एकेक करून तुटलेल्या. वळण तेच असलं तर जाड तारेला ताण जास्त बसतो, बारीक तारांच्या जुडीला कमी. हे दुकानातच सांगायला हवं.

स्कॉटलंडजवळ समुद्रात २०१७ पासून 'हायविंड' नावाच्या प्रकल्पाच्या तरंगत्या पवनचक्क्या चालू आहेत. अशा पवनचक्क्यांची केबलही ताणून बांधत नाहीत. ढिली सोडतात आणि जोडापाशी निमुळतं, लवचीक आवरण चढवतात. मग वाक एका जागी साचत नाही.

शेततळ्यातही वजन दोरीवर घ्या, वायर ढिली ठेवा.